मदत हवी आहे: 'मोडला' की 'तुटला'? (जरा लवकर)

शाईचा_डाग:
कथेत मी 'मोडला' लिहिलं होतं, संपादकबाईंनी 'तुटला' केलंय. मजकूर संध्याकाळी छपाईला जातोय. अर्थ एकच ना दोन्हींचा? बाई म्हणतात, 'तुटणे' संस्कृतातून आलंय म्हणून शुद्ध, 'मोडणे' बोलीतलं. खरं आहे का? शोधून बघा म्हणू नका, ते करून झालंय.

तिरपी_मात्रा:
काय मोडलं ते तर सांगा! नियम, संप, खुर्चीचा पाय?

बोरूबहाद्दर:
त्याने काय फरक पडतो? सरळ आहे. दोरा, तार, साखळी तुटते, म्हणजे सलग होतं ते वेगळं होतं. काच, मडकं फुटतं. कडक वस्तूवर भार आला की ती मोडते. फांदी मोडून सालीला लोंबकळत राहील, पण तुटली की खालीच येणार. पानशेत धरण १९६१ साली फुटलं. मोडलं म्हणाल का? इतकंच आहे.

अर्धविराम:
इतकंच कसं? पेपर फुटतो तेव्हा कसले तुकडे होतात? घाम फुटतो, वाचा फुटते, तांबडं फुटतं. आतलं बाहेर येणं हा त्यातला जीव आहे, मूळ संस्कृत 'स्फुट्'. 'तुटणे' आलंय 'त्रुट्'वरून, अंदाजपत्रकातली तूट त्याच घरातली. आणि 'मोडणे' काही आभाळातून पडलेलं नाही. प्राकृतात 'मोडइ', संस्कृतात 'मुट्' म्हणजे चुरडणं. बाईंना सांगा, दोन्ही शब्द त्याच वाटेने आलेत. हिंदीत 'मोड़ना' म्हणजे वळवणं, त्यामुळे वाकवण्याची छटाही जुनीच असणार.

बोरूबहाद्दर:
वाकवण्याची? मग 'मोडेन पण वाकणार नाही' म्हणणाऱ्याने काय करायचं?

अर्धविराम:
म्हण वेगळी, व्युत्पत्ती वेगळी. खरी गंमत दुसरीकडेच आहे. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे अशा जोड्या आहेत. 'मोडणे' एकटंच दोन्ही कामं करतं. 'खुर्ची मोडली' म्हटलं की कोणी मोडली हे गुलदस्त्यात.

ऱ्हस्वदीर्घ:
'तूट' दीर्घ, पण 'तुटणे' आणि 'तुटीचा' ऱ्हस्व. तसंच फूट, पण फुटणे. लोक सर्रास चुकतात.

शाईचा_डाग:
हे कोणी विचारलं होतं?

बटवा:
मोडीत काढणे राहिलं. मुदत ठेव मोडतात, नोट मोडतात. आमच्याकडे बांगडी 'फुटली' म्हटलं की आजी ओरडायची, 'वाढवली' म्हण!

तिरपी_मात्रा:
नारळही वाढवतात. पण डाग, तुमची वस्तू कोणती ते अजून कळलं नाही.

शाईचा_डाग:
वस्तू कसली, हात! 'झाडावरून पडून त्याचा हात मोडला.' उघडच आहे ना?

तिरपी_मात्रा:
आम्हाला कसं उघड असेल? 'हात तुटला' म्हणजे खांद्यापासून किंवा कोपरापासून वेगळा झाला. तुमचा नायक पुढे काय करतो?

शाईचा_डाग:
प्लास्टरवर मित्रांच्या सह्या घेत फिरतो.

तिरपी_मात्रा:
मग 'मोडला'च. तुटला केलंत तर वाचक पुढच्या ओळीत हात शोधत बसेल.

बोरूबहाद्दर:
हेच मी वर लिहिलं होतं, फांदीचं.

अर्धविराम:
तुम्ही 'काय फरक पडतो' असं लिहिलं होतं.

शाईचा_डाग:
बाईंना फोन केला. त्यांनी मधला मार्ग काढला: 'हात फ्रॅक्चर झाला.' पान गेलं छपाईला.

ऱ्हस्वदीर्घ:
'हाताला फ्रॅक्चर झालं' हवं.

बटवा:
आता धागा चालूच आहे तर विचारतो, मटकीला येतात ते मोड आणि सुटे पैसे म्हणतात ती मोड, एकच शब्द का?