मदत हवी आहे: दाढेचं काम, गुंगीचं औषध देऊनही जमत नाही

धास्तावलेला
उजवीकडची खालची दाढ. रूट कॅनाल सांगितलंय. मला त्या खुर्चीत बसवत नाही, पहिल्यापासूनच. गुंगी देऊन पाहिली, तरी मध्येच उठून बसलो आणि डॉक्टरांचा हात धरून ठेवला म्हणे. आता ते म्हणतात याहून जास्त देता येणार नाही. पुण्यात पूर्ण भूल देऊन कोणी करतं का, एवढंच सांगा. 'मन घट्ट करा' छाप सल्ले नकोत, ते घरी फुकट मिळतात.

तिखटमीठ
गुंगी म्हणजे नक्की काय दिलं? गोळी, नाकातून गॅस की सलाईनमधून? वय किती? दुखलं म्हणून उठलात की घाबरून? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय?

नानाची टांग
लवंगेचं तेल कापसावर घेऊन दाढेत धरा. आमचे आजोबा मिश्री लावायचे, शेवटपर्यंत ऊस सोलून खात होते. रूट कॅनाल हा सगळा धंदा आहे.

धास्तावलेला
नाना, लवंग झाली, मिठाच्या गुळण्याही झाल्या. तिखटमीठ, सलाईनमधून. मिडाझोलाम असं काहीतरी नाव होतं. वय ४३, बीपी-शुगर नाही. दुखलं का ते आठवत नाही.

मुळशीकर
सरळ पूर्ण भूल घ्या. माझ्या मेहुण्याच्या चार अक्कलदाढा एका झटक्यात काढल्या, झोपला आणि उठला. डोक्याला ताप नाही.

खडीसाखर
अक्कलदाढा काढणं वेगळं आणि रूट कॅनाल वेगळं. पूर्ण भूल म्हणजे ओटी, भूलतज्ज्ञ, आधी तपासण्या, सहा तास पोटात अन्न नको. बरं, एका बैठकीत झालंही, पण पुढे कॅपचं माप घ्यायला, ती बसवायला जायचंच आहे. तेव्हा परत भूल देणार का?

मुळशीकर
म्हणून दाढ तशीच किडू द्यायची का? भीतीपायी टाळत राहण्यापेक्षा एकदाची भूल बरी. तुम्हाला भीती नाही म्हणून बोलणं सोपं आहे.

दंतमंजन
मी दंतवैद्य आहे, पण तुम्हाला तपासलेलं नाही हे धरूनच वाचा. गुंगीचं औषध भीती कमी करतं, वेदना नाही. दाढ बधिर करणारं इंजेक्शन वेगळं. नस सुजलेली असली की खालच्या दाढेला ते इंजेक्शन बऱ्याचदा दगा देतं. ओठ बधिर, दाढ जागी! मग दाताच्या कडेने किंवा हाडात जादा इंजेक्शन द्यावं लागतं. मिडाझोलामने मधलं आठवत नाही, त्यामुळे 'दुखलं नाही' असं तुम्हालाही ठामपणे म्हणता येणार नाही. डॉक्टरांनाच विचारा, उठलात ते नेमकं कुठल्या वेळी? आणि रोज झोपेची गोळी किंवा दारू आहे का?

धास्तावलेला
दारू नाही. झोपेसाठी अल्प्राझोलाम घेतो, झाली काही वर्षं. त्याचा दाढेशी काय संबंध? फॉर्मवर मोठ्या आजारांबद्दल विचारलं होतं.

दंतमंजन
अहो, संबंध आहेच! दोन्ही एकाच जातीची औषधं. शरीराला एकाची सवय झाली की दुसरं तेवढ्याच डोसला कमी पडतं. हे दातांच्या डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना, दोघांनाही सांगा. पण हे वाचून आजपासून गोळी बंद करू नका. एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. ज्यांनी लिहून दिली त्यांच्याकडूनच हळूहळू कमी करून घ्या.

गवतीचहा
मला रक्त पाहिलं की चक्कर येते. हातपाय आवळून धरायचे, चेहरा गरम झाला की सैल सोडायचे, असं शिकवलंय. फार उपयोग होतो.

तिखटमीठ
ते चक्कर येणाऱ्यांसाठी, यांना चक्कर कुठे येतेय? धागा वाचत जा हो.

खडीसाखर
धागाकर्ते, भीती नेमकी कशाची? सुई, आवाज, वास, आडवं पडणं? माझ्या बहिणीला दुखण्याची भीती नव्हतीच. तोंडात पाणी साठलं की गुदमरायची.

धास्तावलेला
हो, तेच. पाणी घशाशी आलं की श्वास बंद होणार असं वाटतं. सगळ्यांनाच होतं ना ते?

खडीसाखर
नाही, सगळ्यांना नाही होत! बहिणीने आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे ह्यावर बैठका केल्या. मग दवाखान्यात पहिल्यांदा नुसती बसून आली, काम काही नाही. पुढच्या वेळी फक्त आरसा. खुर्ची अर्धी उभी ठेवायची, डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचं, विचारायचंही नाही. आणि सक्शनची नळी तिच्याच हातात. पाणी साठायच्या आत स्वतःच ओढून घ्यायची. तिच्या आग्रहाखातर डॉक्टरांनी रबर डॅम लावला, म्हणजे दाढेभोवती रबराचा पडदा, पाणी घशात जातच नाही.

धास्तावलेला
पडदा लावल्यावर श्वास कुठून घ्यायचा?

दंतमंजन
नाकाने. सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. काहींना मात्र पडद्यानेच जास्त कोंडतं, म्हणून आधी काम न करता नुसताच लावून बघा.

रानमेवा
अवांतर: मुलीचा दुधाचा दात हलतोय आणि मागून दुसरा आलाय. काढावा लागेल का?

धास्तावलेला
पुढे ढकलणं अवघड आहे. कालपासून गाल सुजलाय, तोंड धड उघडत नाही.

दंतमंजन
मग पूर्ण भूल, मानसोपचार हे सगळं नंतर. आजच जा. गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल, सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरत असेल, तर दवाखाना शोधत बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. रोजच्या गोळीचं तिथेही सांगा.

नानाची टांग
सुजेवर आंबेहळद गरम करून लावा.

दंतमंजन
नाना, शेक अजिबात नको. धागाकर्ते, निघालात का? सोबत कोणाला तरी घेऊन जा.