पहिला पगार: पॅकेज नको, हातात काय आलं ते सांगा

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीतली बरीच मुलं यंदा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत. लिफ्टमध्ये, गणपतीच्या मांडवात एकच विषय: अमक्याला अमेरिकेत इतके डॉलर, तमक्याला जर्मनीत इतके युरो. लगेच रुपयांत गुणाकार होतो आणि इथे साडेतीन लाखांवर लागलेलं पोर गप्प बसतं. मला ते बघवत नाही. म्हणून ठाणे-नवी मुंबईतून नोकरीला लागलेल्या सगळ्यांना विनंती: पहिला पगार सांगा, पण कापलं काय, भाडं किती, हप्ता किती आणि उरलं किती तेही सांगा. कंपनीचं नाव नको. आतापर्यंत आलेली उत्तरं खाली आहेत.

ऐरोली, सेवा कंपनी
पॅकेज ३.३६ लाख. कॉलेजात निवड झाली तेव्हा घरी पेढे वाटले, पण जॉइनिंगची तारीख कित्येक महिने पुढे ढकलत राहिले. रुजू झालो तेव्हा हातात बावीस-तेवीस हजार यायचे. मी कळव्याला आईबाबांकडे राहतो, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली, म्हणजे भाडं शून्य आणि पासचा खर्च किरकोळ. माझ्याच बॅचचा लातूरचा मित्र तेवढ्याच पगारात घणसोलीला तिघांत खोली करून राहायचा, मेसचे पैसे भरायचा. महिनाअखेर मीच त्याला उसने द्यायचो. पगार एकच, पण त्याचं वर्ष फार कठीण गेलं. लोक हे मोजतच नाहीत.

महापे, पेरोलचं काम करते
वरच्या दादाच्या आकड्याची फोड करते, कारण दर जुलैत नवी मुलं हेच विचारायला येतात. ३.३६ लाख म्हणजे महिना २८ हजार, पण ही सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. कंपनीने भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता आणि बरेचदा व्हेरिएबलही (कामगिरीवर मिळणारा भाग) त्यातच धरलेलं असतं. उरलेल्यातून तुमचा पीएफ जातो, महाराष्ट्राचा व्यवसाय कर महिना २०० (फेब्रुवारीत ३००) जातो. मुलांनो, ऑफर लेटरचं शेवटचं पान, ज्यावर फोड असते, ते आधी वाचा. आणि बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर किती वर्षांचा आणि रक्कम किती, हे सही करण्यापूर्वी विचारा. विचारल्याने ऑफर जात नाही.

नेरूळहून म्युनिक
मास्टर्स करून लागले, वर्षाला ५०,००० युरो. नेरूळला आजीने ऐकलं तर पन्नास लाख! पण अविवाहित माणसाचा आयकर, पेन्शनचे ९.३ टक्के, आरोग्य विम्याचा निम्मा वाटा, बेरोजगारी विमा, असं सगळं जाऊन महिन्याला २,६५०च्या आसपास खात्यात येतात. एका खोलीच्या घराला हजाराच्या वर भाडं, तेही मिळालं तर. घर शोधायला मला नोकरी शोधण्यापेक्षा जास्त वेळ लागला.
तरी मी इथे खूश आहे आणि कारण आकड्याबाहेरचं आहे. आजारी पडले तर पगार चालू राहतो, दवाखान्याचं बिल बघून छातीत धस्स होत नाही. शिक्षणाची फी जवळजवळ नव्हती, म्हणून डोक्यावर मोठं कर्ज नाही. फक्त व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते असं खातं) दाखवावे लागतात, २०२५ साली ती रक्कम ११,९०४ युरो होती. बाबांनी त्यासाठी एफडी मोडली होती, ती पहिल्या वर्षभरात मी परत उभी केली. शिक्षणानंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ब्लू कार्डासाठी (उच्चशिक्षित परदेशी लोकांचा काम आणि वास्तव्याचा परवाना) नव्या पदवीधरांना २०२५ साली वर्षाच्या पगाराची अट साधारण ४३,७६० युरोंची होती. म्हणजे ऑफर त्याखाली असेल तर घासाघीस करायला सबळ कारण आहे. आणि जर्मन शिका, इथे आल्यावर नाही, नेरूळलाच. जर्मनची बी१ पातळी असेल तर ब्लू कार्डावर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, नाहीतर २७.

वाशीहून सिंगापूर
थोडक्यात लिहितो. एम्प्लॉयमेंट पाससाठी (इथला नोकरीचा परवाना) जानेवारी २०२५पासून किमान पगार महिना ५,६०० डॉलर (तिथले). परदेशी माणसाचा सीपीएफ (इथला पीएफ) कापत नाहीत, त्यामुळे जवळपास पूर्ण पगार हातात येतो. पण आयकरही दरमहा कापत नाहीत! तो पुढच्या वर्षी आपणच भरायचा, म्हणून पहिल्या महिन्यापासून बाजूला ठेवा. भाडं वाशीच्या मानाने अंगावर येणारं.

नौपाड्याहून टोकियो
महिना २,४०,००० येन, हातात दोन लाखांच्या जरा आत. ऐकायला कमी वाटतं, पण प्रवासखर्च कंपनीचा, वसतिगृह कंपनीचं आणि नाममात्र भाड्याचं, शिवाय उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात बोनस. सगळे नवे पदवीधर १ एप्रिलला एकत्र रुजू होतात, शिकवण्यावर कंपनी खरोखर वेळ घालते. एक इशारा मात्र देतो. रहिवासी कर आदल्या वर्षीच्या कमाईवर लागतो, म्हणून तो पहिल्या वर्षी नसतो आणि दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून सुरू होतो. पगार वाढूनही हातात कमी येतात. ठाण्यात पैसे पाठवायचा आकडा ठरवताना हे धरून चाला.

कोपरखैरण्याहून डॅलस
वर्षाला ८०,००० डॉलर. टेक्ससला राज्याचा आयकर नाही, आणि विद्यार्थी व्हिसावर सुरुवातीची वर्षं सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्केही कापत नाहीत. म्हणून महिन्याला साडेपाच हजारांच्या वर हातात येतात. पण माझं कर्ज ४० लाखांचं, ११ टक्क्यांनी, दहा वर्षांचं: महिन्याचा हप्ता ५५ हजार रुपये. घर तारण आहे. ओपीटीचे (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची मुभा) १२ महिने आणि त्यावर वाढीव २४, त्यात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत नंबर लागला पाहिजे. ओपीटीच्या पहिल्या वर्षात ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. हे ९० दिवस आईला कधी सांगितले नाहीत. ज्यांच्या घरी एकच फ्लॅट आहे त्यांनी तो तारण ठेवण्याआधी हा भाग पुन्हा वाचा.

खारघर, मुलगा मँचेस्टरला
मी बाप म्हणून लिहितो. मुलाला वर्षाला ३२,००० पौंड मिळाले, आम्ही हरखलो. मग कळलं की शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा संपल्यावर स्किल्ड वर्कर या नोकरीच्या व्हिसासाठी नव्यांनाही जुलै २०२५पासून ३३,४०० पौंड लागतात. दीडेक हजार पौंडांसाठी त्याचं तिथलं राहणं अडलं. मॅनेजरशी बोलून पगार वाढवून घेता आला, म्हणून निभावलं. हा प्रश्न पहिल्याच ऑफरच्या वेळी विचारायचा असतो, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

कॅनडा आणि नेदरलँड्सवाले अजून कोणी लिहिलेलं नाही. आणि हिंजवडी-बंगळुरूला भाड्याने राहून पहिला पगार घेतलेल्या मुलींनी जरूर लिहा. आमच्या सोसायटीतल्या दोघींना पुढच्या महिन्यात तिकडेच जायचंय.