टाळेबंदीच्या काळात ग्रामीण बेकारी घटली असे आकडे सांगतात. मग आमच्या गावात आम्ही काय पाहिले?

प्रश्न (राळेगाव तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. मी महिला बचत गटांचे हिशेब पाहण्याचे काम करते. करोनाच्या काळात गावातल्या मजुरीचे काय झाले, याची नोंद गावाच्या विकास आराखड्यात असावी असा विषय ग्रामसभेत निघाला आणि ते काम माझ्याकडे आले. सरकारी आकडे वाचायला घेतले आणि तिथेच अडले. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागातील बेरोजगारीचा दर 2018-19 मध्ये 5.0 टक्के, 2019-20 मध्ये 4.0 टक्के आणि 2020-21 मध्ये 3.3 टक्के होता. म्हणजे ज्या काळात पुण्या-हैदराबादेकडची पोरे मिळेल त्या ट्रकने आणि उरलेले अंतर पायी तुडवत गावी आली, जिनिंग बंद पडले, आठवडी बाजार भरेनासे झाले, त्याच काळात बेकारी कमी झाली.

माझ्या शेजारी एका घराचे चार एकर कोरडवाहू वावर आहे. त्यात आधी नवरा-बायको राबत असत. त्या पावसाळ्यात दोन मुलगे आणि थोरली सून परत आल्यावर पाच माणसे त्याच चार एकरांत निंदण-डवरणी करू लागली, आणि घरात आलेला रोख पैसा विचाराल तर जनधन खात्यावर तीन महिने जमा झालेले 500-500 रुपये. यांतले बेकार कोण आणि ते मोजायचे कसे?

उत्तर 1 (निवृत्त प्राध्यापक, वर्धा)

ताई, सर्वेक्षणाचा माणूस आपल्या शेजाऱ्यांकडे गेला असता तर त्याने पाचही जणांना रोजगारात धरले असते, आणि त्याच्या नियमांप्रमाणे ते बरोबरच ठरले असते. आपण दिलेले दर ‘नेहमीच्या स्थिती’चे आहेत. त्यात मागच्या 365 दिवसांचा विचार होतो, आणि वर्षाचा बराचसा काळ जो रिकामा होता, त्यानेही किमान 30 दिवस काही काम केले असेल तर दुय्यम स्थितीने का होईना, तो रोजगारात मोजला जातो. घरच्या शेतात मजुरी न घेता राबणारे माणूसही रोजगारातच येते. त्यामुळे ज्याच्या घरी वावराचा तुकडा आहे, तो कागदावर सहसा बेकार होतच नाही. तेवढेच काम जास्त हातांत वाटले जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते, एवढेच. शहरात असा आडोसा नसतो. म्हणून एप्रिल ते जून 2020 या तिमाहीत तिथला साप्ताहिक स्थितीनुसारचा, म्हणजे फक्त मागच्या सात दिवसांवरून ठरणारा, बेरोजगारीचा दर 20.8 टक्क्यांवर गेलेला दिसतो.

आपण पाहिलेली गोष्ट आकड्यांत आहे, फक्त ती दुसऱ्या रकान्यात आहे. एकूण काम करणाऱ्यांत शेतीवरच्या लोकांचा वाटा 2018-19 मध्ये 42.5 टक्के होता, तो पुढच्या वर्षी 45.6 आणि 2020-21 मध्ये 46.5 टक्के झाला. देश विकसित होतो तसा हा वाटा उतरत जातो असे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवले, आणि तो चढताना पाहणे मला फार जड गेले. पंधरा वर्षांवरील ग्रामीण स्त्रियांचा श्रमबलातील (काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्यांतील) सहभागही याच तीन वर्षांत 26.4 टक्क्यांवरून 33.0 आणि मग 36.5 टक्के झाला. यावरून स्त्रियांना रोजगार मिळाला असा अर्थ कोणी काढला तर तो मला पटणार नाही, कारण त्यातला मोठा भाग स्वयंरोजगार आणि घरच्या शेतातली बिनमोबदल्याची मदत यांचा होता. आपल्या शेजारची सून त्यातलीच एक समजा.

तेव्हा आराखड्यासाठी ‘काम होते का’ असे विचारूच नका. किती दिवस, कोणाच्या वावरात आणि हातात रोख किती आले, हे विचारा.

उत्तर 2 (शेतकरी, आर्वी तालुका)

सरांनी हातांत वाटल्या गेलेल्या कामाबद्दल लिहिले, त्यात एक भर घालतो, कारण ज्यांच्याकडे वावरच नाही त्यांचे काय झाले, हे मी जवळून पाहिले आहे.

2020 चा गुढीपाडवा 25 मार्चला होता आणि देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच होता. आमच्या भागात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या ठरावावर राबणाऱ्या शेतगड्याचे, वर्ष पाडव्याला पालटते. जुना हिशेब होतो, नव्या सालाचा आकडा ठरतो, उचल दिली जाते, आणि पटले नाही तर सालदार दुसरे घर धरतो. वर्षातून एकच दिवस त्याला भाव करता येतो, आणि तो दिवस त्या वर्षी गेला. माझा कापूस घरात पडून होता. खरेदी केंद्रे बंद, जिनिंग बंद. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 5,550 रुपये असताना खेडा खरेदीवाला क्विंटलमागे हजार-दीड हजार कमी सांगत होता, आणि पोरे त्याच खोलीत निजत असल्यामुळे कापसातल्या किड्यांनी त्यांच्या अंगावर पुरळ उठले होते. उचलीपुरते पैसे माझ्याजवळ नव्हते. माझा सालदार जुन्याच आकड्यावर राहिला, कारण त्याला जायला दुसरे घर नव्हते.

दुसरी गोष्ट निंदणाची. दरवर्षी मी बारा बाया सांगत असे. त्या वर्षी पुतणे घरी होते म्हणून सहाच सांगितल्या. ज्या सहा जणींना सांगितले नाही, त्या कुठल्याही यादीत बेकार म्हणून लिहिल्या गेल्या नसतील. त्यांचे हंगामातले दिवस तेवढे कमी झाले. पुतण्यांचे शहरातले काम गेले, आणि त्याची झळ शेवटी वावर नसलेल्या घरातल्या बाईला बसली. हे मी स्वतः केले आहे, म्हणून लिहितो आहे. आराखड्यात भूमिहीन घरांचा रकाना वेगळा ठेवा, ही माझी विनंती.

उत्तर 3 (सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर)

आमच्या झाडीपट्टीत धान निघाले की हाताला काम राहत नाही. म्हणून संक्रांतीच्या सुमारास घरेच्या घरे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि मोहफुले व तेंदूपत्त्याच्या वेळेपर्यंत परततात. टाळेबंदी लागली तेव्हा माझी बहीण आणि भाऊजी खम्मम भागात एका मालकाच्या शेतात होते. मजुरीचा काही भाग वाळल्या मिरचीच्या रूपाने मिळायचा होता. ते दोघे रात्री चालत आणि दिवसा झाडाखाली थांबत निघाले, पोती तिथेच राहिली. गावात शिरल्यावर 14 दिवस शाळेत विलगीकरण होते, त्यात मोहफुलांचा हंगाम संपला.

या कामाची नोंद आमच्या ग्रामपंचायतीत नाही आणि तिकडच्याही नाही. मग बुडालेली मजुरी नेमकी कोणत्या गावच्या हिशेबात धरायची?

उत्तर 4 (ग्रामरोजगार सेवक, धारणी तालुका)

मेळघाटातले कोरकू मजूर होळीला हमखास गावी येतात. 2020 मध्ये होळी 9 मार्चला होती, त्यामुळे बरीच कुटुंबे गावातच होती. मात्र सण आटोपून ती पुन्हा बाहेर पडायच्या वेळेला वाट बंद झाली. त्या उन्हाळ्यात रोजगार हमीने आधार दिला, हे मी मस्टर भरणारा माणूस म्हणून खात्रीने सांगू शकतो. 1 एप्रिलपासून राज्यातला रोजच्या मजुरीचा दर 206 वरून 238 रुपये झाला होता, आणि केंद्राने 61,500 कोटींच्या मूळ तरतुदीत 40,000 कोटींची भर घातली. परतलेल्या मजुरांसाठी जूनमध्ये जे गरीब कल्याण रोजगार अभियान सुरू झाले, त्यातल्या सहा राज्यांच्या 116 जिल्ह्यांत महाराष्ट्रातला एकही जिल्हा नव्हता, म्हणून आमचा सगळा भार रोजगार हमीवरच आला.

ताई, आपल्याला उपयोगी पडेल असे एक सांगतो. काम मागण्याचा अर्ज म्हणजे नमुना 4. अर्जानंतर 15 दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्त्याचा हक्क मिळतो, पण त्यासाठी हातात तारखेची पोच असावी लागते. तोंडी मागणी केलेल्या आणि पोच न मिळालेल्या माणसाची बेकारी कोणत्याच दप्तरात येत नाही. त्या काळातल्या जॉब कार्डांवरचे दिवस पाहा आणि ज्यांच्याजवळ कार्डच नव्हते, त्यांची नावे आधी लिहा.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. भूमिहीन घरांपासून सुरुवात करते आणि ‘बेकार’ हा रकाना काढून मजुरीचे दिवस व रोख हे दोन रकाने ठेवते. बाहेरगावी बुडालेली मजुरी माणूस ज्या गावात राहतो त्याच गावच्या वहीत लिहावी असे मला वाटते, कारण उधारी त्याच गावातल्या दुकानात झाली. सिंदेवाहीच्या भाऊंना विचारायचे होते, ती मिरचीची पोती पुढे मिळाली का?

उत्तर 3 कडून

पुढच्या हंगामात बहीण त्याच मालकाकडे गेली तेव्हा त्याने एका पोत्याचे पैसे दिले. दुसरे पोते पावसात सडले असे सांगितले.