टोळीप्रमुख, कबिला की भावकी?

प्रश्न : सोमालियाच्या राजकारणावरचा लेख मराठीत आणते आहे. 'क्लॅन एल्डर' पानोपानी येतो. वर्तमानपत्रांत 'टोळीप्रमुख' छापतात, ते पटत नाही. 'कबिल्याचे म्होरके' चालेल का?

– ताई, 'टोळी' नकोच. टोळी म्हटली की दरोडेखोर डोळ्यांपुढे येतात, आणि 'म्होरक्या'ही त्यांचाच. २०१२ साली संसदेचे २७५ सदस्य १३५ वडीलधाऱ्यांनी मिळून निवडले. त्यांना टोळीप्रमुख म्हणणे अन्यायाचे आहे. 'कबिला' अरबीतून आला, सोमालीतला 'कबील'ही तिथलाच. पण आपल्याकडे तो घरात शिरून आक्रसला. 'कुटुंबकबिल्यासह जेजुरीला गेले' म्हणजे बायकामुलांसह.

मी 'भावकी' सुचवेन. नाते बापाकडून मोजायचे, आणि एकाचे देणे सगळ्यांच्या अंगावर. तिकडे खून झाला तर 'मग' म्हणजे भरपाई द्यावी लागते; पुरुषासाठी परंपरेने शंभर उंट. ते खुन्याची भावकी मिळून भरते.

– वरच्या उत्तराला माझी जोड : भरपाई एकत्र भरणाऱ्या गटाला भावकी अगदी नेमका. पण दारोद, हविये, दिर या मोठ्या गटांत लाखो माणसे. तिथे 'कुळ'च लिहा. २००० साली जिबूतीत झालेल्या आर्ता शांतता परिषदेपासून संसदेतले जागावाटप साडेचारच्या सूत्राने होते : चार मोठ्या कुळांना एकेक वाटा, बाकी सर्वांना मिळून अर्धा. २७५ जागांचे हिशेबाने ६१, ६१, ६१, ६१ आणि ३१. हे 'भावकीनिहाय' म्हटले तर वाचकाला वाडीतली भांडणे वाटतील.

आणि 'एल्डर'ला सरसकट एकच शब्द नको. गराद, उगास, बोकोर हे परंपरेचे मानकरी. 'गराद'चा अर्थच समज, शहाणपण. 'आकिल'ही अर्थाने शहाणाच, आपल्या 'अक्कल'चा सख्खा भाऊ. पण ब्रिटिशांनी आकिलांना पगार लावला, आणि शब्दाला सरकारी वास आला. सोमालियापासून फुटून निघालेल्या सोमालीलँडमध्ये 'गुर्ती' हे ज्येष्ठांचे ८२ जणांचे सभागृहच आहे. १९९३ला तिथल्या बोरामा शहरात वडीलधाऱ्यांनी महिनोन्महिने बसून शांतता घडवली, हे त्या शब्दामागचे वजन. मात्र त्याच गुर्तीने २०२२मध्ये राष्ट्राध्यक्षांची मुदत दोन वर्षांनी वाढवली, तेव्हा विरोधक खवळले. म्हणून 'ज्ञानवृद्ध' वगैरे भक्तीचे शब्द टाळा. मूळ पदनाम ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्या.

– मान्य. सर्वसाधारण उल्लेखाला 'कुळातले जाणते' ठेवते. शेवटची अडचण : 'मदहवेने' हे पदनाम. मदह म्हणजे डोके, वेन म्हणजे मोठा. राजधानी मोगादिशूतले हसन शेख मोहमूद मदहवेने, आणि किसमायोत, सोमालियातल्याच जुबालँड राज्याचे अहमद मदोबेही मदहवेनेच. पहिले राष्ट्राध्यक्ष, दुसरे मुख्यमंत्री लिहू का?

– मुख्यमंत्री नको. २०२४च्या नोव्हेंबरात मदोबेंच्या निवडणुकीवरून वाद इतका चिघळला की मोगादिशूच्या न्यायालयाने मदोबेंवर आणि जुबालँडच्या न्यायालयाने हसन शेख यांच्यावर अटक वॉरंट काढले. कोणाचे डोके मोठे, यावरच भांडण आहे. आपण मुख्यमंत्री लिहिले तर निकाल आपणच दिला असे होईल. 'सोमालियाचे अध्यक्ष', 'जुबालँडचे अध्यक्ष' असेच लिहा.