‘होस्ट डाऊन आहे’ : माणूस की मशीन? (शब्दचर्चा)

प्रवाशांना पैसे न घेता आपल्या घरी उतरवून घेणाऱ्या लोकांचं एक आंतरराष्ट्रीय जाळं आहे. त्यासाठी आम्ही सोलापुरातले पाच-सहा जण फावल्या वेळात काम करतो. कोणी भाषांतर करतं, कोणी सदस्यांच्या तक्रारींना उत्तरं देतं. गेल्या महिन्यात तीन नवे स्वयंसेवक आले: एक बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, एक कॉलेजातली मुलगी आणि पूर्वभागातले, म्हणजे विणकरांच्या वस्तीतले, एक काका. त्यांच्यासाठी तांत्रिक शब्दांची चार पानं मराठीत लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. म्हणून चर्चेचा हा धागा. (काकांना ‘धागा काढलाय, बघा’ असा निरोप पाठवला, तर त्यांचं उत्तर, ‘कुठल्या मागावरचा?’)

अडलेला शब्द ‘होस्ट’. आमच्यात होस्ट म्हणजे ज्याच्या घरी उतरायचं तो माणूस. तांत्रिक गटात होस्ट म्हणजे ज्या संगणकावर हा सगळा डोलारा उभा आहे तो. एका रात्री तिकडून निरोप आला, ‘होस्ट डाऊन आहे, सकाळपर्यंत उठेल.’ कॉलेजातल्या मुलीने अगदी मनापासून, पुण्याहून निघालेल्या पाहुण्याला फोन करून सांगितलं की तुमच्या यजमानांना बरं नाहीये. पाहुणा बिचारा स्टेशनजवळच्या लॉजवर उतरला. इकडे यजमान कडक भाकरी, आमटी करून रात्री अकरापर्यंत वाट बघत बसलेले.

मग मराठी शब्द घ्यावा म्हटलं. ‘यजमान’ सरळ आहे. यज् धातूवरून आलेला, मूळ अर्थ यज्ञ करवणारा, त्यावरून घरधनी, आणि बोलण्यात नवरा. ‘आमचे यजमान बाहेर गेलेत’ असं म्हणणाऱ्या बायका अजून आहेत आपल्याकडे. साइटच्या पानावर ‘यजमान शोधा’ असं बटण लावलं, तर माझ्या मावशीने चष्मा वर करून विचारलं, ‘स्थळंपण बघता का तुम्ही?’

ही पंचाईत आपलीच आहे असंही नाही. लॅटिन ‘होस्पेस’ म्हणजे यजमानही आणि पाहुणाही. फ्रेंचमध्ये ‘ओत’ या एकाच शब्दात अजून दोघं राहतात. आपण निदान पाहुणा वेगळा काढलाय, तरी ‘काय पाव्हणं’ ही हाक सोयऱ्याला लागते आणि एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही.

‘कॅश’ने तर घाम फोडला. तक्रारीला उत्तर देताना जुने स्वयंसेवक सरसकट लिहितात, ‘आधी कॅश क्लिअर करा.’ आपल्या लिपीत रोकड आणि ही कॅश अगदी जुळ्या बहिणी. पैशाचा व्यवहार करायचा नाही हा आमचा पहिला नियम, तो बँकवाल्या बाईंना समजावून दोनच दिवस झालेले. त्यांनी विचारलं, ‘कसली कॅश? शिल्लक किती? पावतीपुस्तक कोणाकडे आहे?’ मूळ शब्द फ्रेंच, अर्थ लपवून ठेवणे. हे सांगितल्यावर तर संशय आणखी वाढला.

शेवटी शेंगाचटणीची बरणी पुढे ठेवली. रोज जेवताना कोणी दाणे कुटायला बसत नाही, बरणीतली चमचाभर वाढून घेतो. ब्राउझरही दर वेळी पान लांबून आणत नाही, जवळ ठेवलेलं दाखवतो. पण तिकडे चटणीत तिखट कमी केलं तरी बरणी संपेपर्यंत तुमच्या ताटात जुनीच चटणी पडणार. बरणी रिकामी करा, मग नवी मिळेल. पानात मी ‘साठवण’ लिहिलंय, पण आमच्या गटात आता ‘बरणी धुतली का?’ असंच चालतं.

प्रोग्रॅममधल्या चुकीला म्हणतात त्या ‘बग’ला ‘दोष’ पुरतो. १९४७ साली हार्वर्ड मार्क २ या संगणकात अडकलेला पतंग वहीत चिकटवला, ती गोष्ट सगळे सांगतात. पण एडिसनने १८७८ मध्येच एका पत्रात हा शब्द याच अर्थाने वापरला होता. पतंगाला श्रेय फुकटचं मिळालं. फक्त ‘होस्टकडे बग सापडला’ असं पाहुण्याला लिहू नका, तो ढेकूण समजतो आणि येत नाही.

बदल सगळ्यांना दाखवण्याआधी जिथे करून बघतात त्या ‘स्टेजिंग’साठी ‘रंगीत तालीम’ असा आयता, नेमका शब्द आपल्याकडे असताना लोक ‘चाचणी पर्यावरण’ का लिहितात कळत नाही. ‘सर्व्हर डाऊन’ मात्र कोणाला समजवावं लागलं नाही. सातबाऱ्याच्या रांगेत उभं राहिलेल्या प्रत्येकाला तो पाठ आहे.

तर, होस्टला तुम्ही काय म्हणाल?

प्रतिसाद (जुळे सोलापूर)
तिकीटपण घाला यादीत. मला पहिल्या दिवशी विचारलं, ‘तिकीट काढलंस का बे?’ मी म्हटलं, कुठं जायचंय, सिद्धेश्वर एक्सप्रेसचं आता वेटिंग चाललंय. नंतर कळलं की तिकीट म्हणजे तक्रारीची नोंद. वर ‘तिकीट बंद केलं’ म्हणतात. आपल्याकडं तिकीट मिळतं नाहीतर कापलं जातं, आणि कापलं की माणूस अपक्ष उभा राहतो. ‘नोंद’ म्हणा की सरळ.

प्रतिसाद (पूर्वभाग)
मीच ते काका. घर तेलुगू, त्यामुळे मराठीतल्या चुका पोटात घाला. तुमच्या पानातला ‘पॅच’, म्हणजे प्रोग्रॅममधली छोटी दुरुस्ती, वाचला. ‘ठिगळ’ लिहिलंय तुम्ही. ठिगळ फाटलेल्याला लावतात. इथे काही फाटलेलं नाही.

वडील जकार्डच्या मागावर होते. चादरीवरची नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांत असते. भोक असेल तिथे सुई आत जाते, तिचा हूक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खालीच. एक कार्ड, एक आडवा धागा, आणि अशी कार्डं दोरीने ओवून लांबलचक माळ. एखादं भोक चुकून पडलं तर मोराच्या मानेवर दर फेरीला त्याच जागी ठिपका. वडील नवीन कार्ड पंच करून येईपर्यंत त्या भोकावर कागद चिकटवायचे. माग चालू राहायचा. तुमचं पॅच हे नाही का?

मूळ लेखिका
काका, नुसतं तसं नाही, तेच आहे! ज्याच्या नावावरून तुमचा जकार्ड, त्या जाकारने फ्रान्समध्ये लिऑनला हा माग १८०४ च्या सुमारास उभा केला. भोकांनी यंत्राला हुकूम द्यायची ती कल्पना पुढे संगणकांनी उचलली. १९४४ च्या हार्वर्ड मार्क १ ला हुकूम मिळत ते भोकं पाडलेल्या कागदी फितीवरून. चूक निघाली की भोकावर कागदाचा तुकडा चिकटवायचे, त्यालाच पॅच म्हणायचे. तशी ठिगळं लावलेली फीत अजून जपून ठेवलेली आहे. म्हणजे सोलापूरच्या माणसाला हा शब्द समजावण्यात मी उलटा प्रवास करत होते. ‘ठिगळ’ खोडते. ‘चिकटपट्टी’ कसं वाटतं?

प्रतिसाद (पूर्वभाग)
‘चिकटपट्टी’ चालेल. पण पट्टी काढून खरं कार्ड कधी पंच करणार, तेही विचारत जा. आमच्याकडे काही पट्ट्या माग भंगारात जाईपर्यंत तशाच होत्या.

प्रतिसाद (होटगी रोड)
प्रोग्रॅमर आहे, म्हणून भीत भीत लिहितोय. फोर्कला ‘काटा’ लिहू नका. ‘फाटा’ लिहा. रस्ता जिथे दोन होतो तो फाटा, आणि फोर्क म्हणजे तेच: त्याच कोडची प्रत घेऊन कोणीतरी वेगळ्या रस्त्याने निघतं. संस्थांनाही फाटे फुटतात. हॉस्पिटॅलिटी क्लब हे आपल्यासारखंच पाहुण्यांना उतरवून घेणाऱ्यांचं जाळं २००० साली जर्मनीत सुरू झालं, त्यातून बाहेर पडलेल्या काही स्वयंसेवकांनी २००७ मध्ये बीवेलकम काढलं. त्याचा कोड खुला आहे, कोणीही बघावा, दुरुस्त करावा. काउचसर्फिंग हे असंच आणखी एक जाळं, ते २०११ मध्ये नफ्याची कंपनी झाली, २०२० मध्ये बऱ्याच देशांत वर्गणी लावली. नव्या स्वयंसेवकाला ‘खुला कोड म्हणजे काय’ हे व्याख्येपेक्षा या दोन फाट्यांवरून लवकर कळतं. ‘फाटे फोडू नका’ हा टोमणा आमच्या गटात वेगळा लागू पडतो, ते सोडा.

मूळ लेखिका
‘फाटा’ घेतला. भाषांतर करणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. वाक्यात मध्येच टक्केचिन्ह आणि त्याला लागून रोमन एस दिसतो, तो खिळा आहे. सदस्याचं नाव तिथे येऊन टांगलं जातं. कॉलेजातल्या मुलीने त्या एसचा नीट ‘स’ केला, शुद्ध देवनागरीत. दोन दिवस सगळ्यांना ‘टक्के स ने संदेश पाठवला’ असे निरोप गेले.

खिळ्याभोवतीचं मराठी मात्र खरंच अवघड आहे. नाव बाईचं की पुरुषाचं, यंत्राला माहीत नाही. ‘संदेश पाठवला’मध्ये सुटका होते, कारण ‘ने’ आला की क्रियापद संदेशाच्या लिंगाने चालतं. पण ‘तुमच्या गावात आला आहे’ की ‘आली आहे’? तिथे मी ‘आले आहेत’ करते, आदरही राहतो. आणि नावाला ‘ने’ जोडण्याऐवजी खिळ्यानंतर सुटा ‘यांनी’. थोडं सरकारी पत्रासारखं वाटतं, पण परदेशी नावांची सामान्यरूपं करत बसण्यापेक्षा बरं.

प्रतिसाद (सात रस्ता)
होस्टचं राहूनच गेलं. नाम कशाला हवंय? आपण विचारतो काय? ‘कुठं उतरलाय?’ गड्ड्याच्या जत्रेला आलेल्या पाहुण्यालाही पहिला प्रश्न हाच असतो. बटणावर ‘कोणाकडे उतरणार?’ लिहा. माणसाला ‘उतरवून घेणारे’ म्हणा. मशीनला होस्ट राहू द्या, त्याला काय वाटायचंय.

मूळ लेखिका
हे फारच आवडलं. उद्याच बदलते.

प्रतिसाद (होटगी रोड)
थांबा. डाउनलोडला आपण गेल्या वर्षीच ‘उतरवून घ्या’ केलंय. पाहुण्याच्या प्रोफाइलखाली ते बटण आहे.

मूळ लेखिका
बघितलं. त्याच्या फोटोला लागूनच आहे.