आमदारांच्या अपात्रतेचा निकाल विधानसभा अध्यक्षांकडे कशाला?

धागाकर्ता: शिवसेना फुटली जून २०२२ मध्ये. अपात्रतेच्या अर्जांवर अध्यक्षांचा निकाल लागला १० जानेवारी २०२४ ला आणि दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, निकालाची मुदतच नाही. ज्यांच्या मतांवर खुर्ची टिकते, त्यांच्याच सुनावणीच्या तारखा अध्यक्ष ठरवतात. लोकांचा विश्वास उडतो तो इथे. मणिपूरच्या एका आमदाराच्या अपात्रतेच्या प्रकरणात २०२० सालीच सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं की निकाल साधारण तीन महिन्यांत द्यावा आणि संसदेने स्वतंत्र न्यायाधिकरणाचा विचार करावा. संसदेने अजून काहीही केलेलं नाही.

मांडवीकाठ: अजिबात पटत नाही. न्यायाधीश बसवा, कायदा तोच राहणार. गोव्यात २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, २०२२ मध्ये ११ पैकी ८. दहाव्या परिशिष्टाच्या परिच्छेद ४ प्रमाणे दोन तृतीयांश आमदार दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर अपात्रता लागत नाही, तेवढे दोन्ही वेळा भरले. मूळ पक्ष जागच्या जागी, तरी हे 'विलीनीकरण'! पहिल्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही ते ग्राह्य धरलं. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घ्यायला लावल्या, त्यानंतरही ८ गेलेच. एक तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रता नाही, ही पळवाट २००३ मध्ये काढली, तशी हीही काढा.

धागाकर्ता: काढा ना. पण महाराष्ट्रात विलीनीकरण झालंच नव्हतं, 'आम्हीच मूळ पक्ष' असा दावा होता. तिथे परिच्छेद ४ काढून काय फरक पडणार? प्रतोद (आमदारांना मतदानाचा पक्षादेश देणारा) राजकीय पक्षाने नेमायचा, विधिमंडळ गटाने नाही, हे मे २०२३ मध्ये घटनापीठाने स्पष्ट केलं. तरी पक्ष कोणाचा हे ठरवायला परत अध्यक्षच. लाभाच्या पदाची (आमदाराने सरकारी लाभाचं पद घेतल्याची) प्रकरणं राज्यघटनेच्या कलम १९२ खाली निवडणूक आयोगाच्या मतानुसार राज्यपाल निकाली काढतात. पक्षांतराचीही तशीच काढावीत, असं निवडणूक सुधारणांवरच्या गोस्वामी समितीने १९९० मध्ये सुचवलं होतं.

कृष्णाथडी: दोघेही शिक्षेबद्दल बोलत नाही. कर्नाटकात २०१९ मध्ये अध्यक्षांनी १७ आमदार झटपट अपात्र ठरवले. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यातले बहुतेक नव्या पक्षातून निवडून आले आणि पुढे कित्येक मंत्रीही झाले. अपात्र आमदारावरची कलम १६४(१ख) ची मंत्रिपदबंदी पुन्हा निवडून येईपर्यंतच असते. ती विधानसभेची मुदत संपेपर्यंत ठेवा.

मांडवीकाठ: निवडून आलेल्याला मंत्री होऊ द्यायचं नाही, हे मला मान्य नाही. तो मतदारांपुढे परत गेला; गोव्यातले १८ जण गेले नाहीत.