मदत हवी आहे : वायआयजीवर प्लॅटिनम नीट 'बसत' नाही

जीजीजी (गॅडोलिनियम गॅलियम गार्नेट) स्फटिकाच्या (१११) सब्स्ट्रेटवर पीएलडीने (लेसरने पदार्थ उडवून थर जमवण्याची पद्धत) वायआयजीची (यिट्रियम आयर्न गार्नेट, एक चुंबकीय विद्युतरोधक) ४० नॅनोमीटरची फिल्म वाढवली आहे. फिल्म चांगली आहे: एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) मुख्य पीकच्या दोन्ही बाजूंना बारीक लाटा स्पष्ट दिसतात, खडबडीतपणा ०.२ नॅनोमीटर, एफएमआरमधून (फेरोमॅग्नेटिक रेझोनन्सच्या मोजणीतून) डॅम्पिंग, म्हणजे चुंबकनाचं डोलणं किती लवकर विरतं याचं माप, ३×१०⁻⁴.

गडबड पुढे आहे. वर ५ नॅनोमीटर प्लॅटिनम स्पटर केल्यावर स्पिन पंपिंगमुळे (डोलणाऱ्या चुंबकनातून स्पिन प्लॅटिनममध्ये वाहून जाण्यामुळे) डॅम्पिंग काही पटींनी वाढायला हवं, पण ते जेमतेम ४×१०⁻⁴ होतं. स्पिन हॉल मॅग्नेटोरेझिस्टन्सही (वायआयजीच्या चुंबकनाच्या दिशेनुसार प्लॅटिनमच्या रोधात होणारा सापेक्ष बदल) १०⁻⁵ च्या घरात. अपेक्षा १०⁻⁴ ची होती. प्लॅटिनमची रोधकता ठीक आहे, काचेवर तपासली.

स्पटरिंगचं चेंबर वेगळं आहे, त्यामुळे फिल्मला हवा लागतेच. ते टाळता येणार नाही. माझा संशय पृष्ठभागावरच्या कार्बन आणि पाण्याच्या थरावर आहे. ॲसिटोन-आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) अल्ट्रासॉनिक, मग व्हॅक्यूममध्ये २०० अंशांवर अर्धा तास, दोन्ही करून झालं, फरक शून्य. आर्गॉन आयनांनी घासायची भीती वाटते, वरचा थर अस्फटिकी होईल.

तीनच नमुने उरलेत. पिरान्हा (सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण) वापरलेल्यांनी कृपया सांगा: किती मिनिटं ठेवता, आणि नंतर ऑक्सिजनमध्ये किती तापमानापर्यंत तापवलं तर जीजीजीमधलं गॅडोलिनियम फिल्ममध्ये शिरत नाही?